सुगंधी चिंधी आणि लोंकरीचा गोळा



आजचा विषय ऐकून आपणांपैकीं कित्येकांस हसूं येईल. इतिहासावर बोलावयास बसलेल्या मास्तरानें लढाया आणि तह बाजूला ठेवून ओल्या कपड्यांची कथा सांगावी, हें चमत्कारिक वाटणें साहजिक आहे. परंतु तीस-पस्तीस वर्षें मुलांकडून सनावळ्या घोकून घेतल्यानंतर माझें असें मत झालें आहे कीं, मनुष्याचा इतिहास जितका दरबारांत घडतो तितकाच तो घरच्या मोरीपाशींही घडत असतो. फक्त तेथें बखरकार हजर नसतो, इतकेंच.

दोन वर्षांपूर्वीं अमेरिकेंतील न्यू जर्सी संस्थानांत माझ्या मुलाकडे चार महिने राहण्याचा योग आला. तेथें पोंचल्याच्या दुसऱ्याच दिवशीं मीं नेहमींच्या संवयीनें पहाटे स्नान केलें, धोतर पिळलें आणि सज्ज्याच्या कठड्यावर वाळत टाकलें. ऊन लखलखीत होतें. तिसऱ्या दिवशीं वसाहतीच्या व्यवस्थापक मंडळाचें पत्र आलें कीं, इमारतीच्या दर्शनी भागीं कपडे वाळत घालण्यास मनाई आहे. सूनबाई संकोचून म्हणाली, "बाबा, येथें ऊन फुकट आहे, पण तें वापरायची परवानगी नाहीं." ही तक्रार एकट्या आमचीच होती असें नव्हे. अशा बंदीला लोक इतके कंटाळले कीं, कित्येक संस्थानांना दोरीवर कपडे वाळविण्याचा नागरिकांचा हक्क कायद्यानें राखावा लागला; व्हरमाँटनें असा कायदा २००९ सालीं केला.

असो. माझें धोतर तळघरांतील वाळवणीच्या यंत्रांत गेलें. सूनबाईनें एका खोक्यांतून पातळशी सुगंधी चिंधी काढून कपड्यांत टाकली, आणि तासाभरानें ती केराच्या टोपलींत फेकून दिली. मी जुन्या वळणाचा मनुष्य. आमच्या घरीं धोतर फाटलें म्हणजे त्याचे प्रथम पंचे होत, मग पुसणीं होत आणि शेवटीं दिव्याच्या वाती होत. मीं विचारलें, "ही चिंधी कशासाठीं टाकली, आणि लगेच कां फेकली?" तिला नीट उत्तर देतां येईना. तें उत्तर शोधतां शोधतां जी हकीकत हातीं लागली, ती आज आपणांपुढें मांडतों.

कपडे वाळविण्याचें यंत्र हें थंड देशांच्या अडचणींतून जन्मास आलें. १८०० च्या सुमारास फ्रान्समध्यें पोशों नांवाच्या गृहस्थानें भोंकें पाडलेलें धातूचें एक पिंप बनविलें. त्यांत ओले कपडे घालून तें विस्तवावर हातानें फिरवावयाचें. कपडे वाळत, पण त्यांना धुराचा वास येई आणि एखादे वेळीं ते करपतही. पुढें १८९२ सालीं अमेरिकेंतील ओहायो संस्थानांत राहणाऱ्या जॉर्ज सॅम्पसन या कृष्णवर्णीय संशोधकानें शेगडीच्या उष्णतेवर कपडे वाळविणाऱ्या चौकटीचा हक्क नोंदविला. परंतु आजच्या यंत्राचें मूळ नॉर्थ डाकोटा येथील रॉस मूर याच्या कल्पनेंत आहे. तेथील हिवाळा असा कीं, दोरीवर टाकलेला कपडा फळीसारखा गोठतो. आपल्या आईचे हाल पाहून त्यानें एका खोपटांत फिरतें पिंप आणि त्याखालीं भट्टी अशी जुळणी केली. विस्कॉन्सिनमधील हॅमिल्टन कंपनीनें ती कल्पना उचलून १९३८ सालीं यंत्र बाजारांत आणलें. त्याचें नांव ठेवलें 'जून डे', म्हणजे जूनचा दिवस! आपल्याकडे जूनच्या नांवानें कोणी कपडे वाळविण्याची आशा धरील काय? पण तेथें जून म्हणजे मोकळें ऊन आणि मंद वारा. एकंदरींत, हिवाळ्यांतल्या बाईला उन्हाळ्यांतला दिवस विकत मिळूं लागला. ही सोय लहान नव्हती, आणि तिची थट्टा करण्याचा माझा हेतु नाहीं.

मात्र या सोयीबरोबर दोन गैरसोयी आल्या. पहिली गैरसोय विजेची. तृणमणि घांसला असतां तो गवताची काडी ओढून घेतो, हें फार प्राचीन काळापासून लोकांना ठाऊक आहे. आपल्या पूर्वजांनीं त्याला तें नांवच मुळीं त्या गुणावरून दिलें, आणि फारसी भाषेंतील 'कहरुबा' या शब्दाचा अर्थही काडी ओढणारा असाच आहे. यंत्रांत कपडे एकमेकांवर घांसतात तेव्हां हाच प्रकार होतो. सुती कपड्यांत थोडा ओलावा राहतो, म्हणून ही वीज निघून जाते. पण १९४० सालीं नायलॉनचे मोजे सर्वत्र विक्रीस आले, १९४१ सालीं इंग्लंडांत पॉलिएस्टरचा शोध लागला, आणि पुढें हे धागे घरोघरीं पसरले. हे धागे पाणी फारसें धरीत नाहींत. त्यामुळें यंत्रांतून निघालेले कपडे एकमेकांस चिकटूं लागले आणि हात लावतांच ठिणगीचा चटका बसूं लागला.

दुसरी गैरसोय राठपणाची. साबण हा तेल किंवा चरबीपासून होतो, आणि त्याचा थोडा अंश कापडावर राहून तें मऊ लागतें. १९४६ सालीं अमेरिकेंत 'टाइड' ही भुकटी निघाली आणि कृत्रिम धुण्याच्या द्रव्यांचें युग सुरू झालें. हीं द्रव्यें मळ उत्तम काढतात. पण मळाबरोबर तो साबणाचा स्निग्ध अंशही गेला, आणि पंचे व चादरी खरखरीत लागूं लागल्या. मग कापड मऊ करणारें औषध निघालें. तें शेवटच्या पाण्यांत घालावें लागे, आणि ती नेमकी वेळ साधण्यासाठीं गृहिणीला जिन्यावरून तळघरांत पुनःपुन्हां उतरावें लागे. असें सांगतात कीं, आपल्या पत्नीची ही पायपीट पाहून कॉनराड गायसर यानें तें औषध एका कापडाच्या तुकड्यावर बसविलें व तो तुकडा थेट वाळवणीच्या यंत्रांत टाकला. १९६९ सालीं त्याला त्याचा हक्क मिळाला. पुढें प्रॉक्टर अँड गॅम्बल या कंपनीनें ही कल्पना 'बाऊन्स' या नांवानें सर्वत्र नेली. सूनबाईच्या खोक्यांतील सुगंधी चिंधी ती हीच.

या चिंधींत असतें तरी काय? त्यांत मेणासारखें एक द्रव्य असतें, आणि पुष्कळ वर्षें तें मुख्यतः जनावरांच्या चरबीपासून केलें जाई. यंत्राच्या उष्णतेनें तें पातळ होतें आणि कपड्यांना पुसलें जातें. प्रत्येक धाग्यावर त्याचा अत्यंत पातळ थर बसतो. त्यानें घर्षण कमी होतें, साठलेली वीज निघून जाते आणि हाताला मऊपणा लागतो. याचा अर्थ असा कीं, कापड स्वतः मऊ होत नाहीं. त्यावर स्निग्ध लेप चढतो. लेप चढलेला पंचा हाताला सुखद लागतो, पण अंगावरचें पाणी नीट टिपत नाहीं. पंचाचें कामच जर पाणी टिपण्याचें, तर असला मऊपणा काय कामाचा?

एवढेंच असतें तर मीं तेथेंच विषय सोडला असता. परंतु एके सायंकाळीं कपड्यांच्या घड्या घालतांना माझ्या नातीच्या रात्रीं घालावयाच्या अंगरख्यावर शिवलेली एक बारीक पट्टी सूनबाईनें प्रथमच नीट वाचली. कापड मऊ करणारें कोणतेंही द्रव्य या कपड्यास लावूं नये, असें तींत लिहिलें होतें. अमेरिकेंत झटकन् पेट घेणाऱ्या कापडांविरुद्ध १९५३ सालीं कायदा झाला, आणि १९७० नंतरच्या पहिल्या दोन-तीन वर्षांत मुलांच्या रात्रीच्या पोशाखासाठीं खास नियम आले. त्या नियमांप्रमाणें कित्येक पोशाखांचें कापड सहज पेटूं नये अशा तऱ्हेनें तयार करतात. स्निग्ध लेपानें तो गुण उणावतो. गेलें वर्षभर तो अंगरखा दर आठवड्याला त्या चिंधीबरोबर यंत्रांत फिरत होता! कांहीं अपघात झाला नव्हता, हें देवाचे उपकार. पण सूनबाईचा चेहरा उतरला. मग चिंध्यांच्या खोक्यावरील बारीक मजकूर आम्ही वाचला. मुलांच्या अशा पोशाखास ही चिंधी वापरूं नये, ही सूचना तेथेंही छापलेली होती. दोष लपविलेला नव्हता. आम्हींच वाचलें नव्हतें.

दुसऱ्या दिवशीं शेजारच्या एका बाईंनीं लोंकरीच्या गोळ्यांचा उपाय सांगितला. त्याचा इतिहास मात्र चिंधीहून फार जुना आहे. लोंकरीच्या केंसावर कौलांसारखे एकावर एक बसलेले सूक्ष्म खवले असतात. उष्णता, ओलावा आणि घर्षण यांचा योग झाला कीं, ते एकमेकांत अडकतात व पुन्हां सुटत नाहींत. न विणतां, न कांततां कापड तयार होतें. त्यालाच आपण नमदा किंवा बुरणूस म्हणतों. सैबीरियांतील अल्ताई पर्वतांत पाझिरिक येथें बर्फांत गोठलेल्या थडग्यांतून सुमारें अडीच हजार वर्षांपूर्वींच्या नमद्याच्या सुंदर वस्तु निघाल्या आहेत. मंगोल लोकांचे तंबू नमद्याचे असतात. आणि काश्मिरी नमदा आपल्यापैकीं कित्येकांच्या परिचयाचा असेल.

माझ्या पत्नीनें नातीसाठीं विणलेल्या स्वेटरची लोंकर उरली होती. तिचे सूनबाईनें घट्ट गुंडाळून चेंडूएवढे चार गोळे केले, जुन्या मोज्यांत बांधले आणि ऊन पाण्यांत दोनतीन वेळां धुऊन यंत्रांत वाळविले. मोजा सोडला तों धागा कोठें सुरू होतो व कोठें संपतो, हें ओळखूं येईना. लोंकर अस्सल हवी, एवढीच अट. कृत्रिम धागा, किंवा आटूं नये म्हणून प्रक्रिया केलेली लोंकर, अशी जमत नाहीं.

आतां या गोळ्यांचा गुण नीट समजून घेतला पाहिजे. कारण त्यांच्याही जाहिराती निघूं लागल्या आहेत, आणि जाहिरात कोणाचीही असो, ती तोलूनच घ्यावी. गोळे कपड्यांच्या घड्यांत शिरून त्या मोकळ्या करतात. चादरीचा बोळा होऊं देत नाहींत. त्यामुळें गरम वारा आंतपर्यंत पोंचतो. पिसांच्या रजया फुलविण्यासाठीं लोक पूर्वीं टेनिसचे चेंडू टाकीत, त्यांतलें तत्त्व हेंच. परंतु पाण्याची वाफ करावयास लागणारी उष्णता कोणताही गोळा वांचवूं शकत नाहीं. एक लिटर पाण्याच्या वाफेसाठीं विजेच्या सुमारें दोन-तृतीयांश युनिटाइतकी उष्णता लागावयाचीच. मीं कांहीं दिवस घड्याळ लावून पाहिलें. जाड व पातळ कपडे एकत्र असतां थोडा वेळ वांचला. मोजकेच कपडे असतां कांहींच फरक पडला नाहीं. कृत्रिम धाग्यांच्या कपड्यांतील वीजही गोळ्यांनीं पुरती गेली नाहीं. तिच्यावर खरा उपाय निराळाच आहे: असे कपडे वेगळे वाळवावे, आणि किंचित् ओलसर असतांनाच बाहेर काढावे. अतिशय कोरडे केले म्हणजेच ठिणगी उडते.

मग गोळ्यांचा लाभ काय? लाभ असा कीं, ते कपड्यावर कांहीं लेप चढवीत नाहींत. पंचा पंचाच राहतो आणि मुलीचा अंगरखा त्याच्या गुणासह राहतो. शिवाय तेच चार गोळे शेंकडों वेळां उपयोगी पडतात. दर खेपेस टोपलींत कांहीं टाकावें लागत नाहीं.

या साऱ्या हकीकतींत मला दोष देण्यासारखा कोणी दिसत नाहीं. मूरला आईचे कष्ट दिसले, गायसरला पत्नीचे. दोघांचाही हेतु चांगला होता. पण प्रत्येक सोयीच्या पोटीं एक गैरसोय आली, आणि तिच्यावर उपाय करतांना पहिलें कारण काय होतें याचा लोकांना विसर पडला. कोणतीही वस्तु घरांत आणतांना ती कोणत्या अडचणीसाठीं निघाली आणि ती अडचण आपल्या घरीं आहे काय, एवढे दोन प्रश्न विचारले तरी पुष्कळ काम होईल.

पुण्या-मुंबईच्या बिऱ्हाडांत अलीकडे वाळवणीचीं यंत्रें येऊं लागलीं आहेत. आषाढ-श्रावणांत चार चार दिवस ओले कपडे घरभर लोंबत असतात आणि त्यांना कुबट वास येतो, हें मी विसरलों नाहीं. ज्यांना परवडेल त्यांनीं यंत्र अवश्य घ्यावें. मात्र त्याबरोबर चिंध्यांचें खोकें आलेंच पाहिजे असें नाहीं, आणि आश्विनांत ऊन पडलें कीं दोरी विसरूं नये. सांगलीस परत आल्यावर मीं पहिल्याच सकाळीं धोतर गच्चीवर वाळत टाकलें. तें थोडें राठ लागलें खरें. पण त्याबद्दल मला कोणाचें पत्र आलें नाहीं.