विषयाचा रकाना

विज्ञान प्रदर्शनाच्या अर्जावर शाळेचं नाव, विद्यार्थ्यांची नावं, मार्गदर्शक शिक्षक हे रकाने भराभर भरले जातात. पेन अडतं ते 'विषय' या रकान्यापाशी. आपल्यापैकी अनेकांनी तो कधी ना कधी भरला आहे. या रकान्यालाही एक इतिहास आहे. स्मरणिकेसाठी लेख मागितला तेव्हा तोच लिहावा असं ठरवलं.

शालेय विज्ञान मेळ्यांची परंपरा अमेरिकेत रुजली. तिथला पहिला राष्ट्रीय मेळा १९५० साली फिलाडेल्फियात भरला आणि त्यात अंतिम फेरीला ३० विद्यार्थी होते. पुढे तो आंतरराष्ट्रीय झाला. आज तिथे वनस्पतिशास्त्र, रसायनशास्त्र, रोबोटिक्स, प्रणाली सॉफ्टवेअर असे वीसहून अधिक विभाग आहेत. म्हणजे तिथला अर्ज विचारतो, 'तुमचं काम कोणत्या शास्त्रात बसतं?' कारणही व्यावहारिक आहे : त्या त्या शास्त्राचा जाणकार परीक्षक मिळावा.

आपल्याकडे गोष्ट वेगळ्या वाटेने गेली. १९६१ साली एनसीईआरटी स्थापन झाली. १९६४ ते ६६ या काळात भौतिकशास्त्रज्ञ डॉ. दौलतसिंह कोठारी यांच्या अध्यक्षतेखालील शिक्षण आयोगाने शालेय शिक्षणाच्या पहिल्या दहा वर्षांत विज्ञान आणि गणित सर्वांना सक्तीचं करावं असं सांगितलं आणि शिक्षणाची सांगड देशाच्या उत्पादकतेशी घातली. १९७१ मध्ये दिल्लीत मुलांचं पहिलं राष्ट्रीय विज्ञान प्रदर्शन भरलं. पुढे एक मुख्य विषय आणि त्याखाली उपविषय अशी पद्धत रूढ झाली. हे उपविषय म्हणजे शेती व अन्नसुरक्षा, आरोग्य, ऊर्जा, पर्यावरण, वाहतूक व दळणवळण. भौतिक, रसायन, जीव ही पाठ्यपुस्तकातली विभागणी तिथे दिसत नाही. आपला अर्ज विचारतो, 'तुमचं काम कोणाच्या कामाचं?' मला यात कोठारी आयोगाच्या विचाराचा धागा दिसतो.

हा फरक मला कळला तो नववीत, कांद्यामुळे. आमच्या भागात उन्हाळ कांदा मार्च-एप्रिलमध्ये निघतो आणि चाळीत दिवाळीपर्यंत टिकवावा लागतो. आम्ही तिघी मैत्रिणींनी कांद्याचे सारखे वजन करून दोन वाटे केले. एक बंद गोणीत, दुसरा विटांवर उचललेल्या फटींच्या खोक्यात. दर शनिवारी वाणसामानाच्या तराजूवर वजन, सडलेले आणि मोड आलेले कांदे वेगळे मोजायचे आणि वहीत नोंद. जून ते दिवाळी.

आता याचा विषय कोणता? हवा खेळते म्हणून भौतिकशास्त्र, सड येते म्हणून जीवशास्त्र, वहीभर आकडे म्हणून गणित. नोंदणीच्या टेबलावरच्या गृहस्थांनी मुली आणि कांदे एकत्र पाहून 'आहार' लिहूनही टाकलं. त्या सुमारास मुलींचे प्रकल्प बहुधा तिकडेच जायचे : मोड आलेली कडधान्यं, भेसळ ओळखणं. ते विषय हलके नव्हेत, पण ते मुलींनी निवडलेले असायचे की त्यांना वाटून दिलेले, हा प्रश्न होता. आमच्या विज्ञानाच्या बाईंनी वाद घातला नाही. आमच्याकडे वळून एवढंच विचारलं, "परीक्षकांनी तुम्हाला कोणता प्रश्न विचारावा असं वाटतं?" आम्ही म्हणालो, "कांदा कमी कसा सडेल, हा." "मग शेती," बाई म्हणाल्या आणि 'आहार' खोडायला लावलं.

म्हणूनच आमच्यासमोर शेतीचे जाणकार परीक्षक आले. त्यांनी चार जीवनसत्त्वं विचारली नाहीत. त्यांनी विचारलं, "तुमची चाळ एकपाखी की दुपाखी? तोंड कुठे?" एकपाखी चाळीची लांबी दक्षिणोत्तर ठेवतात, म्हणजे पश्चिमेचा वारा तिच्या रुंद अंगावर येतो, दुपाखी चाळ पूर्व-पश्चिम बांधतात. आमच्यातल्या एकीच्या वडिलांची चाळ होती, तिने उत्तर दिलं. तालुक्याला दुसरा क्रमांक आला, जिल्ह्याला नुसतं प्रमाणपत्र. पण एका शेतकऱ्याच्या मुलीला घरी रोज दिसणारी गोष्ट विज्ञान म्हणून मांडता आली, ती त्या एका शब्दामुळे.

पुढे मी इंजिनिअर झाले. माझ्या कामात माहितीला कप्पे पाडणं रोजचंच. कप्पा ठरला की त्या माहितीला पुढे कोणते प्रश्न विचारता येतील हेही ठरतं. अर्जावरचा रकाना असाच असतो.

रकाने बदलत राहतात, तेही चांगलंच. १९९३ पासून राष्ट्रीय बालविज्ञान परिषद भरू लागली. तिथे प्रतिकृतीपेक्षा गावातल्या प्रश्नाचा अभ्यास महत्त्वाचा. एनसीईआरटीच्या अलीकडच्या उपविषयांत आपत्ती व्यवस्थापन, कचरा व्यवस्थापन, नैसर्गिक शेती आणि गणितीय प्रतिमानांच्या जोडीला संगणकीय विचारही आला आहे. आता आमची वही त्या शेवटच्या विभागातही गेली असती. आज नववीतली एखादी मुलगी कांदाचाळीत आर्द्रतेचा सेन्सर लावेल, तेव्हा तिला 'संगणक' हा शब्द जास्त झगमगीत वाटेल. तो तिने जरूर लिहावा, जर परीक्षकांनी तिला सेन्सर आणि प्रोग्रॅमबद्दल विचारावं असं तिला वाटत असेल. कांद्याबद्दल विचारावं असं वाटत असेल, तर शेतीच लिहावं.

मित्रमैत्रिणींनो, मेळाव्यात शाळेला काय द्यावं याची चर्चा होईल. संगणक, पंखे, बाकं सगळंच हवं. त्यासोबत आपल्यापैकी शेती, दवाखाना, कारखाना, बँक सांभाळणाऱ्यांनी प्रदर्शनाआधीचा एक शनिवार द्यावा. मुलांचे प्रकल्प करून द्यायचे नाहीत, विषयही सुचवायचा नाही. शेजारी बसून बाईंचा तो प्रश्न तेवढा विचारायचा आणि रकाना त्यांना भरू द्यायचा.