अ‍ॅम्प मॉडेलर

अ‍ॅम्प मॉडेलर : विद्युत गिटारच्या अ‍ॅम्प्लिफायरचे, स्पीकरचे आणि त्यापुढच्या माइकचे वर्तन गणिताने घडवणारे अंकीय उपकरण किंवा संगणक-प्रणाली. तारांखालच्या पिकअपमधून निघणारा क्षीण विद्युत संकेत यात आकड्यांत बदलला जातो. त्या आकड्यांवर व्हॉल्व्ह (निर्वात नलिका), ट्रान्सफॉर्मर, स्पीकरचा कागदी शंकू अशा एकेका भागाचे संस्कार होतात आणि तयार आवाज हेडफोन, ध्वनिमुद्रण यंत्र किंवा मंचावरच्या स्पीकरकडे जातो. पायाने दाबायची धातूची पेटी, टेबलावरचे छोटे खोके आणि लॅपटॉपमधील प्लग-इन ही त्याची आजची रूढ रूपे आहेत.

या नोंदीत उदाहरण म्हणून ‘द हू’ या इंग्लिश रॉकवृंदाचे गिटारवादक पीट टाउनशेंड (जन्म १९४५) यांचा आवाज घेतला आहे. एक तर अ‍ॅम्प्लिफायरच्या इतिहासात त्यांचा वाटा थेट आहे. दुसरे असे, की त्यांच्या सर्वांत प्रसिद्ध गाण्यांपैकी एकाचे नावच अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यापर्यंत आणून सोडते. नगर-दौंड रस्त्यावर अरणगावजवळ मेहेराबाद येथे मेहेरबाबांची समाधी आहे. पुण्यात १८९४ साली जन्मलेल्या मेरवान शेरियार इराणी यांनी, म्हणजेच मेहेरबाबांनी, १० जुलै १९२५ रोजी मौन धरले आणि ३१ जानेवारी १९६९ रोजी देह ठेवीपर्यंत ते सोडले नाही. टाउनशेंड त्यांचे अनुयायी. मात्र दोघांची भेट कधी झाली नाही. मे १९६९ मध्ये आलेल्या ‘टॉमी’ या अल्बमवर बाबांचे नाव आहे. ऑगस्ट १९७१ मध्ये आलेल्या ‘हूज नेक्स्ट’ या अल्बममधील ‘बाबा ओ’रायली’ हे शीर्षक मेहेरबाबा आणि अमेरिकन संगीतकार टेरी रायली या दोन नावांच्या जोडणीतून झाले. १९७२ मध्ये टाउनशेंड समाधीच्या दर्शनाला मेहेराबादला आले होते. जवळजवळ चव्वेचाळीस वर्षे न बोललेल्या गुरूचा हा शिष्य त्या काळातल्या सर्वांत मोठ्या आवाजाच्या अ‍ॅम्प्लिफायरमागचा माणूस होता.

मूळ यंत्र : मॉडेलर कशाची नक्कल करतो हे कळल्याशिवाय त्याची बटणे कळत नाहीत. लंडनच्या हॅनवेल भागात ड्रमवादनाचे शिक्षक जिम मार्शल यांचे वाद्यांचे दुकान होते. तिथे १९६२-६३ च्या सुमारास ‘जेटीएम ४५’ हा अ‍ॅम्प तयार झाला. त्याचे विद्युत मंडल अमेरिकेतल्या फेंडर कंपनीच्या ‘बासमन’ अ‍ॅम्पवरून घेतले होते. टाउनशेंड आणि त्यांचे बासवादक सहकारी जॉन एंटविसल यांना तो आवाज अपुरा वाटू लागला, म्हणून १९६५ मध्ये मार्शल यांनी १०० वॅटचा अ‍ॅम्प केला. त्याबरोबर आठ स्पीकरांचे एकच अवजड कपाट बनवले गेले. ते उचलणाऱ्यांचे हाल पाहून लवकरच चार-चार स्पीकरांची दोन कपाटे एकावर एक रचण्याची पद्धत आली. रॉक मैफलीच्या छायाचित्रांत मागे दिसणारी काळी भिंत ती हीच. पुढे टाउनशेंड डेव्ह रीव्ह्ज यांच्या ‘हायवॅट’ अ‍ॅम्पकडे वळले. १४ फेब्रुवारी १९७० रोजी लीड्स विद्यापीठात ध्वनिमुद्रित झालेल्या ‘लाइव्ह अ‍ॅट लीड्स’मध्ये गिब्सन एसजी स्पेशल गिटार आणि हायवॅट यांची जोडी ऐकू येते.

व्हॉल्व्हच्या अ‍ॅम्पला त्याच्या क्षमतेपेक्षा जास्त संकेत दिला की लहरीचे माथे तो हळूहळू, गोलाई राखून दाबतो. त्यातून मूळ स्वराबरोबर नवे उपस्वर जन्मतात आणि आवाजाला खरखर येते. पण कानाला पटणारा जिवंतपणा केवळ या खरखरीत नाही. गिटारवर जोरात आघात केला की अ‍ॅम्पच्या वीजपुरवठ्याचा दाब क्षणभर खाली येतो, आवाज किंचित दबतो आणि मग पुन्हा फुलतो. विहिरीवरची मोटार सुरू होताच घरातला बल्ब क्षणभर मंदावतो, तोच प्रकार. या दबण्यामुळे वादकाला तारा बोटांखाली लवचीक झाल्यासारख्या वाटतात. शिवाय स्पीकर हा मुका श्रोता नसतो. निरनिराळ्या कंप्रतांना तो निरनिराळा विद्युत विरोध करतो आणि अ‍ॅम्पचा शेवटचा टप्पा त्यानुसार वागतो. हे परस्परावलंबन घडवता न आल्यामुळेही सुरुवातीचे मॉडेलर ‘प्लॅस्टिकसारखे’ वाजत.

विकास : अ‍ॅम्पशिवाय अ‍ॅम्पचा आवाज मिळवण्याचे पहिले यशस्वी प्रयत्न अंकीय नव्हते. ‘बोस्टन’ वृंदाचे टॉम शोल्झ यांचा ‘रॉकमन’ (१९८२) आणि टेक २१ कंपनीचा ‘सॅन्सअ‍ॅम्प’ (१९८९) ही साधी इलेक्ट्रॉनिक मंडले होती. १९९५ मध्ये रोलँडचा ‘व्हीजी-८’, १९९६ मध्ये लाइन ६ कंपनीचा ‘अ‍ॅक्सिस २१२’ आणि १९९८ मध्ये त्याच कंपनीचा घेवड्याच्या दाण्याच्या आकाराचा लाल ‘पॉड’ आला. पॉडने हे तंत्र घराघरांत नेले. फ्रॅक्टल ऑडिओचा ‘अ‍ॅक्स-एफएक्स’ (२००६) व्यावसायिक मंचावर गेला. २०११ च्या जर्मन ‘केम्पर प्रोफायलर’ने वेगळी वाट धरली : मंडलाचा एकेक भाग लिहून काढण्याऐवजी खऱ्या अ‍ॅम्पमध्ये चाचणी-संकेत पाठवायचे, उत्तरादाखल काय येते ते मोजायचे आणि त्या अ‍ॅम्पचा जणू ठसा घ्यायचा. आयके मल्टिमीडियाचा ‘टोनेक्स’ (२०२२) आणि खुल्या परवान्याची, विनामूल्य ‘न्यूरल अ‍ॅम्प मॉडेलर’ ही प्रणाली हाच ठसा कृत्रिम चेताजालांना शिकवून घेतात. दोन्ही मार्गांतला फरक वादकाला एका जागी जाणवतो. ठसा त्या दिवशीच्या बटणांच्या जागेशी बांधलेला असतो. लिहून काढलेल्या मंडलाची बटणे मात्र मूळ अ‍ॅम्पसारखी फिरतात.

कार्यपद्धती : संकेताची साखळी पिकअपपासून सुरू होते. पिकअपला सुमारे १० लाख ओहम इतक्या मोठ्या रोधाचे प्रवेशद्वार लागते. ते कमी पडले तर वरचे स्वर आतल्या आतच मरतात. म्हणून संगणकाला जोडताना गिटारसाठीचेच प्रवेशद्वार वापरावे. पुढे संकेताचे सेकंदाला बहुधा ४८,००० नमुने घेतले जातात. या दराने २४,००० हर्ट्झपर्यंतचाच आवाज नीट मांडता येतो. खरखरीतून जन्मलेले उपस्वर त्या मर्यादेपलीकडे गेले की उलटून खाली येतात आणि मूळ स्वराशी नाते नसलेले बेसूर होऊन बसतात. चित्रपटात गाडीचे चाक उलटे फिरताना दिसते, त्याच कारणाने. चांगले मॉडेलर खरखरीचा टप्पा यापेक्षा कितीतरी पट वेगाने मोजतात आणि मग अनावश्यक भाग गाळतात. या सगळ्याला लागणारा उशीर काही मिलिसेकंदांचा असतो. ३ मिलिसेकंद म्हणजे अ‍ॅम्पपासून साधारण १ मीटर दूर उभे राहण्याइतकेच, त्यामुळे तो जाणवत नाही. लॅपटॉपची जुळणी चुकून हा उशीर २०-३० मिलिसेकंदांवर गेला, तर हाताची लय बिघडते.

साखळीचा शेवटचा आणि माझ्या मते सर्वांत निर्णायक दुवा म्हणजे स्पीकर व माइक. गिटारचा ३० सेंमी व्यासाचा स्पीकर सपाट वाजणारा नसतो; सुमारे ५,००० हर्ट्झच्या वर त्याचा आवाज झपाट्याने पडतो. स्पीकरची ही गाळणी काढली तर महागड्या अ‍ॅम्पची खरखरसुद्धा मधमाश्या अडकलेल्या डब्यासारखी ऐकू येते. मॉडेलरमध्ये हे काम ‘इम्पल्स रिस्पॉन्स’ करतो. नगरजवळच्या डोंगरावरील सलाबतखानाच्या कबरीत, ज्याला लोक चांदबिबीचा महाल म्हणतात, एक टाळी वाजवून तिचा पडसाद मुद्रित केला, तर त्या नोंदीच्या आधारे कोणताही आवाज त्या दगडी वास्तूत वाजल्यासारखा करता येईल. तसेच क्षणिक संकेत देऊन स्पीकर, कपाट आणि माइक यांचा एकत्रित पडसाद नोंदवतात. ४८,००० च्या दराने २,०४८ नमुन्यांची अशी नोंद जेमतेम ४३ मिलिसेकंदांची असते, पण आवाजाचा चेहरा तीच ठरवते. माइक शंकूच्या मध्यावरून काठाकडे दोन बोटे सरकवला तरी तीक्ष्ण आवाज गोल होतो. नवशिके अ‍ॅम्पची नावे बदलत बसतात; एकच अ‍ॅम्प ठेवून पाच-सहा कपाटांच्या नोंदी बदलून पाहिल्या, तर तासाभरात जास्त हाती लागते.

खरा वाटणारा आवाज : येथे टाउनशेंड यांचे उदाहरण उपयोगी पडते. ‘बाबा ओ’रायली’चा आवाज हवा म्हणून वादक १०० वॅटचा मार्शल किंवा हायवॅट निवडतात, गेन (आत येणारा संकेत किती वाढवायचा ते ठरवणारे बटण) चढवतात आणि फसतात. ‘हूज नेक्स्ट’मधील विद्युत गिटारसाठी टाउनशेंड यांनी मुख्यतः ग्रेच ६१२० ही पोकळ अंगाची गिटार आणि फेंडरचा लहान ‘बँडमास्टर’ अ‍ॅम्प वापरला; त्यात २५ सेंमीचे तीन स्पीकर होते. दोन्ही वस्तू, एडवर्ड्स कंपनीच्या आवाजाच्या पेडलसह, त्यांना अमेरिकन गिटारवादक जो वॉल्श यांनी दिल्या होत्या. मंचावरची भिंत वेगळी आणि ध्वनिमुद्रणातला आवाज वेगळा. आपल्या कानात बसलेला आवाज छोट्या अ‍ॅम्पपुढे ठेवलेल्या माइकचा आहे, आणि मॉडेलरही खोलीतल्या अ‍ॅम्पची नव्हे तर माइकमधून ऐकलेल्या अ‍ॅम्पचीच नक्कल करतो. गाण्याच्या आरंभीची फिरती सुरावट सिंथेसायझरची समजली जाते. मेहेरबाबांच्या जीवनाची माहिती सिंथेसायझरमध्ये भरून संगीत काढायची टाउनशेंड यांची कल्पना होती खरी, पण ध्वनिमुद्रणात ऐकू येतो तो लाउरी कंपनीचा घरगुती ऑर्गन आणि त्यातली स्वर आपोआप पुन्हापुन्हा वाजवणारी सोय.

त्यामुळे मॉडेलरवर या आवाजाकडे जाताना बँडमास्टर ज्यात मोडतो त्या, फेंडरच्या १९५० च्या दशकातील ‘ट्वीड’ घराण्याचा अ‍ॅम्प घ्यावा, २५ सेंमी स्पीकरांच्या कपाटाची नोंद जोडावी आणि गेन मनात येईल त्याच्या निम्म्यावर ठेवावा. ध्वनिमुद्रणातली भरदार खरखर बहुतेक वेळा हाताच्या आघाताची असते. गेन वाढवला की आघातांतला फरक पुसला जातो आणि सगळे स्वर एकाच उंचीचे होतात. उरलेली खरखर गिटारवरच्या आवाजाच्या बटणाने कमी-जास्त करावी. चांगला मॉडेलर ओळखायची कसोटीही हीच : गिटारचे बटण मागे घेतल्यावर आवाज नुसता लहान न होता निवळला पाहिजे. लीड्सचा आवाज हवा असेल तर तिथल्या एसजी स्पेशलवर असतात तसे पी-९० जातीचे पिकअप आणि हायवॅट घ्यावेत. व्यापारचिन्हांमुळे मॉडेलरमध्ये ही नावे बदललेली असतात; लाइन ६ च्या ‘हेलिक्स’मध्ये (२०१५) हायवॅटचे नाव ‘हूवॅट १००’ आहे, त्यात टाउनशेंड यांच्या वृंदाची खूण शिल्लक राहिली आहे.

यानंतर खालच्या टोकाला ८०-१०० हर्ट्झच्या खालचा व वरच्या टोकाला ६,०००-८,००० हर्ट्झच्या वरचा भाग कापावा. गिटारची सर्वांत जाड तार मोकळी वाजवली तर ८२ हर्ट्झवर बोलते. त्याखाली जे उरते तो बासगिटारचा आणि ड्रमचा प्रांत आहे. सेटिंग किती मोठ्या आवाजात केले यालाही महत्त्व आहे. हळू आवाजात माणसाच्या कानाला खर्ज आणि तार दोन्ही कमी ऐकू येतात, हे फ्लेचर व मन्सन यांनी १९३३ मध्ये मोजून दाखवले. म्हणून रात्री घरच्यांची झोप सांभाळून केलेले सेटिंग मंचावर घुमते आणि टोचते. कार्यक्रमासाठीचे सेटिंग दिवसा, कार्यक्रमाइतक्याच आवाजात, बास आणि ड्रमच्या सोबत करावे. एकट्याने वाजवताना थोडा पातळ वाटणारा टोन वृंदात बरोबर बसतो.

उपयोग व मर्यादा : ग्रामीण महाराष्ट्रात संध्याकाळी विजेचा दाब उतरणे नेहमीचे आहे. व्हॉल्व्हच्या अ‍ॅम्पचा आवाज त्या दाबाबरोबर बदलतो. मॉडेलरचा वीजपुरवठा तो चढउतार बऱ्याच अंशी पचवतो. २० किलोहून जड अ‍ॅम्प एसटीतून नेणे कठीण, मॉडेलर दप्तरात मावतो. सर्वांत मोठा लाभ कानांचा आहे. ३१ मे १९७६ रोजी लंडनच्या चार्लटन मैदानावरील ‘द हू’च्या मैफलीत १२६ डेसिबेल आवाज मोजला गेला आणि गिनेसच्या पुस्तकात त्याची नोंद झाली. टाउनशेंड यांनी पुढे आपल्या श्रवणदोषाविषयी आणि कानात सतत वाजणाऱ्या आवाजाविषयी उघडपणे सांगितले. त्यात हेडफोनवर मोठ्याने ऐकण्याचाही वाटा होता, असे त्यांचे म्हणणे आहे. मॉडेलर बहुधा हेडफोनवरच वाजतो, त्यामुळे हा इशारा त्याच्या वापरकर्त्यालाही लागू पडतो.

एक गोष्ट मात्र गणितात पूर्णपणे उतरत नाही. स्पीकरचा आवाज हवेतून परत येऊन तारेला हलवतो, तार पुन्हा स्पीकरला, आणि स्वर आपोआप लांबत, वाढत जातो. याला फीडबॅक म्हणतात. ‘द हू’च्या १९६५ मधील ‘एनीवे, एनीहाउ, एनीव्हेअर’ या ध्वनिमुद्रिकेत तो मुद्दाम वापरला आहे. हेडफोनवर हे वर्तुळ पूर्ण होत नाही. मॉडेलरलाही तेव्हा खरा स्पीकर जोडावा लागतो, आवाज चढवावा लागतो आणि वादकाला गिटार घेऊन त्याच्या समोर उभे राहून, पाऊलभर पुढे-मागे सरकत, तार थरथरू लागते ती जागा शोधावी लागते.