पडीक जमिनीवर इंधनाचं पीक: मोगली एरंडाचं गणित कुठे चुकलं?

शेताच्या कडेला कुंपण म्हणून लावला जाणारा मोगली एरंड, म्हणजेच जट्रोफा. जनावरं त्याला तोंड लावत नाहीत, कमी पाण्यात तो तगतो आणि बियांच्या तेलापासून बायोडिझेल तयार होतं. त्यामुळेच नियोजन आयोगाच्या समितीने २००३ मध्ये देशात सुमारे १ कोटी १२ लाख हेक्टरवर त्याची लागवड सुचवली. विरळ झालेली जंगलं, बांध, पडीक जमीन अशा जागा त्यासाठी धरल्या होत्या. अन्नधान्याची शेतजमीन न घेता डिझेल मिळेल, असा हिशोब होता. २००९ च्या जैवइंधन धोरणात २०१७ पर्यंत २० टक्के मिश्रणाचं लक्ष्य ठेवलं गेलं. ते गाठता आलं नाही.

झाड जगलं, पण बिया?

मोगली एरंड दुष्काळात मरत नाही हे खरं, पण भरपूर बियाही धरत नाही. चांगल्या उत्पादनासाठी त्याला पाणी आणि खत लागतंच. म्हणजे पडीक जमिनीवर एक तर उत्पन्न तुटपुंजं, नाहीतर इतर पिकांच्या पाण्यात वाटेकरी.

पडीक म्हणजे रिकामी?

खरा प्रश्न इथे आहे. सरकारी नोंदीत ‘पडीक’ असलेली जमीन अनेकदा गायरान किंवा गवताळ माळरान असते. सोलापूर आणि नगरकडची माळरानं घ्या. तिथे लांडगा, खोकड, चिंकारा यांचा वावर आहे. नान्नजचं अभयारण्य तर माळढोकासाठीच राखलेलं. मेंढपाळांच्या कळपांचा चाराही इथलाच. अशा जागी एकाच झाडाच्या रांगा लावल्या की उघड्या माळावर जगणारे पक्षी-प्राणी हटतात आणि चराई बंद होते. मोगली एरंडाची पेंडही विषारी. प्रक्रिया न करता ती गुरांना घालता येत नाही, खत म्हणून वापरतात.

आणखी एक बाब सहसा नजरेआड होते. गवताळ जमिनीतला बराचसा कार्बन मुळांत आणि मातीत साठलेला असतो. लागवडीसाठी जमीन नांगरली की त्यातला काही हवेत जातो. बायोडिझेलमुळे होणाऱ्या बचतीतून आधी तो भरून काढावा लागतो, आणि बियाच कमी आल्या तर त्याला कित्येक वर्षं लागू शकतात.

मग फायदा कुठेच नाही का?

आहे. धूप होऊन उघड्या पडलेल्या उतारावर हेच झुडूप माती धरून ठेवतं, पालापाचोळ्याने तिचा कसही थोडा सुधारतो. बांधावरच्या कुंपणाला तर हरकत नाहीच.

२०१८ च्या धोरणात बायोडिझेल मिश्रणाचं लक्ष्य २०३० पर्यंत ५ टक्क्यांवर आणलं गेलं. त्यात अखाद्य तेलबियांबरोबर तळणाचं वापरलेलं तेलही आहे, ज्यासाठी वेगळी जमीन लागत नाही.