सावित्रीकांठचें महाड

इतिहास लिहावयाचा तो राजधान्यांचा, लढायांचा आणि तहांचा, अशी आपल्याकडे एक रूढ समजूत आहे. त्यामुळें रायगडावर जाणारा प्रवासी महाडास एखादी रात्र काढतो, सकाळीं पाचाडची वाट धरतो, आणि ज्या गांवाच्या पेठेंतून त्या गडाचा दाणागोटा जात असे त्याकडे वळूनहि पाहत नाहीं. वस्तुतः कोंकणांतील ज्या थोड्या गांवांचा माग दोन हजार वर्षें मागें काढतां येतो, त्यांत महाडची गणना केली पाहिजे. प्रस्तुत लेखांत त्याचें संक्षिप्त दिग्दर्शन करण्याचा आमचा विचार आहे. आरंभ मात्र आम्ही भूगोलापासून करणार. कारण महाडांत जें जें घडलें त्याचें मूळ बहुतांशीं तेथील पाण्यांत आहे.

सावित्री नदी महाबळेश्वराच्या माथ्यावर उगम पावते आणि कडा उतरून पोलादपुरावरून महाडास येते. वाटेंत तिला रायगडाच्या पूर्वेकडून आलेली काळ नदी मिळते, आणि महाडाशींच रायगडाच्या पश्चिमेकडून आलेली गांधारी मिळते. पुढें दासगांवावरून वळसे घेत ही नदी बाणकोट व हरिहरेश्वर यांच्यामध्यें समुद्रास जाऊन भेटते. समुद्र येथून सुमारें पन्नास किलोमीटर दूर. तरी भरतीचें पाणी खाडीनें थेट महाडापर्यंत चढतें. गांवाच्या एका बाजूस समुद्राची ही लांबलेली जीभ आणि दुसऱ्या बाजूस सह्याद्रीची भिंत, अशी ही जागा आहे. त्या भिंतींतून वरंध्याचा घाट भोरकडे, तर पारघाट जावळीकडे चढतो. म्हणजे गलबताची वाट जेथें संपते तेथूनच बैलाची वाट सुरू होते. घाटावरून गूळ, मिरची, कांदा उतरावा. खालून मीठ, नारळ, सुकी मासळी वर चढावी. आणि दोहोंची गांठ महाडच्या पेठेंत पडावी, ही व्यवस्था कोणा राजानें आज्ञा देऊन केलेली नव्हे. ती डोंगर आणि भरती यांनींच करून ठेवली होती.

या व्यापाराचें प्राचीनत्व दाखविणारा पुरावा गांवाच्या वेशीशींच आहे. वायव्येस गांधारपाले गांवाच्या डोंगरांत सुमारें तीस बौद्ध लेणीं खोदलेलीं असून त्यांतील मुख्य लेणीं इसवी सनाच्या दुसऱ्या शतकाच्या सुमारचीं मानतात. तेथील एका ब्राह्मी शिलालेखांत काणभोज विष्णुपालित नांवाच्या कुमारानें दिलेल्या दानाचा उल्लेख आहे. लेणें, चैत्यगृह आणि भिक्षूंसाठीं आठ खोल्या यांबरोबरच लेण्याच्या दोन्ही अंगांस पाण्याच्या दोन पोढ्या व वर येण्याची वाटहि त्यानें करून दिली. नदीच्या पलीकडे कोल येथेंहि लहान लेणीं आहेत. अशीं लेणीं ओसाड मुलुखांत उभीं राहत नाहींत. त्यांना दान देणारे धनिक लागतात, भिक्षा घालणारीं गांवें लागतात, आणि वर्षाकालीं आश्रय मागणारे वाटसरू लागतात. ग्रीक नावाड्यानें लिहिलेल्या 'पेरिप्लस' नामक प्रवासवृत्तांत ज्या पालेपत्मे बंदराचा उल्लेख येतो, तें हेंच पाले असावें असा कांहीं विद्वानांचा तर्क आहे. तो सर्वमान्य नाहीं. पण तर्क बाजूस ठेविला तरी डोंगरांतील खोदकाम उरतेंच, आणि तेवढें पुरें आहे. वाचकांनीं त्या दोन पोढ्या मात्र लक्षांत ठेवाव्या. आल्यागेल्यास पाणी देणें हें या खोऱ्यांत लेखी नोंदलेलें अगदीं पहिलें पुण्यकर्म होय.

मध्यंतरीचीं अनेक शतकें ओलांडून आपण शिवकाळाकडे येऊं. १६५६ सालीं महाराजांनीं चंद्रराव मोऱ्यांपासून जावळी घेतली व त्याच वर्षीं रायरीचा डोंगरहि त्यांच्या हातीं आला. पुढें ६ जून १६७४ रोजीं त्याच डोंगरावर राज्याभिषेक झाला. रायगड हें दुर्गम स्थळ म्हणून राजधानीस निवडलें गेलें, असें सांगण्यांत येतें. तें खरें, पण अर्धेंच. केवळ दुर्गमपणावर राजधानी चालत नाहीं. हजारों माणसांस नित्य धान्य, मीठ, तेल, कापड पुरविणारी पेठ जवळ असावी लागते; आणि गडापासून सुमारें पंचवीस किलोमीटरांवर, समुद्राशीं जोडलेली अशी पेठ महाडास होती. भोंवतीं चांभारगड, सोनगड, लिंगाणा, कांगोरी अशा किल्ल्यांचें कोंडाळें होतें. वाट राखणारे किल्ले, मधें पेठ आणि माथ्यावर सिंहासन, ही रचना एकत्र पाहिली म्हणजे राजधानीच्या निवडीमागील धोरण ध्यानांत येतें. १६८९ सालीं गड मोंगलांकडे गेला, पुढें जंजिऱ्याच्या सिद्दीच्या हातीं राहिला, आणि १७३३ सालीं मराठ्यांनीं तो परत घेतला. सिंहासनाचे मालक बदलले, पण खालचा बाजार भरतच राहिला.

पेशवाईच्या उत्तरकाळांत महाडास निराळेंच महत्त्व आलें. सवाई माधवरावांच्या मृत्यूनंतर गादीविषयीं जो कलह माजला त्यांत नाना फडणिसांस पुणें सोडावें लागलें. आणि १७९६ सालीं ते महाडास येऊन राहिले. एरवीं पदच्युत मुत्सद्दी काशीयात्रेस निघावयाचा. नाना मात्र या खाडीकांठच्या गांवीं बसून पत्रांच्या बळावर सगळा डाव फिरवीत होते. निजामाशीं त्यांनीं ऑक्टोबरांत जो करार केला तो महाडच्या तहाच्या नांवानेंच ओळखला जातो. खर्ड्याच्या लढाईंत मिळविलेलें बरेंच या करारानें सोडून द्यावें लागलें. पण डिसेंबरांत बाजीराव गादीवर बसला व नाना पुन्हा कारभारी झाले. 'महाडचें कारस्थान' म्हणून इतिहासांत प्रसिद्ध आहे तें हेंच.

सहाच वर्षांनीं, १८०२ च्या ऑक्टोबरांत, हडपसराजवळ यशवंतराव होळकरांकडून पराभव झाल्यावर हाच बाजीराव पळत महाडास आला. तेथून किनाऱ्यावर उतरून इंग्रजांच्या आश्रयानें वसईस पोंचला, आणि ३१ डिसेंबर रोजीं त्यानें वसईच्या तहावर सही केली. दोन्ही प्रसंगीं महाडच कां निवडलें गेलें? कारण उघड आहे. पाठीशीं रायगड, पुढें समुद्राची वाट, आणि पुण्याहून येणाऱ्या शत्रूस अडविणारे घाट. एकानें या जागेचा उपयोग परत जाण्यासाठीं केला, दुसऱ्यानें निघून जाण्यासाठीं. दोघांच्या कर्तृत्वांतील अंतर यापेक्षां अधिक स्पष्ट करून सांगण्याची आवश्यकता नाहीं. १८१८ च्या मे महिन्यांत कर्नल प्रॉथर यानें रायगड घेतला आणि हा सगळा मुलूख कंपनी सरकारच्या अमलाखालीं गेला.

पण इंग्रज या खाडींत तत्पूर्वीं साठ वर्षें येऊन बसले होते, ही गोष्ट सहसा कोणी लक्षांत घेत नाहीं. तुळाजी आंग्ऱ्याविरुद्ध पेशव्यांस साह्य केल्यावर, १७५६ च्या तहानें बाणकोट व त्याबरोबर दासगांवादि गांवें त्यांस मिळालीं. महाडापासून अवघ्या कोसा-दोन कोसांवर, मराठी मुलुखाच्या मधोमध, दासगांवास इंग्रजी निशाण लागलें. याचा एक परिणाम फार दूरवर पोंचला. या टापूंतील अनेक महार कुटुंबांतील पुरुष कंपनीच्या पलटणींत शिरले, लिहावयास-वाचावयास शिकले, आणि निवृत्तिवेतन घेऊन गांवीं परतले. महाडजवळच्या रावढळचे गोपाळबाबा वलंगकर अशाच सैनिकांपैकीं एक. अस्पृश्यतेविरुद्ध मराठींत लेखणी चालविणारे ते आरंभींच्या पुरुषांपैकीं होत. १८९५ सालीं त्यांची महाडच्या लोकल बोर्डावर नेमणूक झाली. तत्पूर्वीं थोडाच काळ सरकारनें महारांची सैन्यभरती बंद केली होती. पलटणींत मिळालेला मान एकदम हिरावला गेला होता, पण त्या मानाची आठवण घरोघर शिल्लक होती. ज्या गोष्टीकडे आतां आम्ही वळणार आहों तिचें बीज या आठवणींत आहे.

महाडच्या वस्तींत चवदार तळें नांवाचें मोठें तळें आहे. सवर्ण हिंदू तेथें पाणी भरीत, मुसलमान व ख्रिस्ती भरीत. अस्पृश्य मात्र भरूं शकत नसत. १९२३ सालीं मुंबई कायदेमंडळांत बोले यांचा ठराव संमत झाला व सार्वजनिक पाणवठे सर्वांस खुले करावे असें ठरलें. पुढल्या वर्षीं महाडच्या नगरपालिकेनेंहि तसा ठराव केला. सुरेंद्रनाथ टिपणीस यांच्यासारख्या अध्यक्षांचा त्यास मनापासून पाठिंबा होता. तथापि ठराव कागदावर आणि तळें जागच्या जागीं, अशी तीन वर्षें गेलीं. १९ व २० मार्च १९२७ रोजीं डॉ. आंबेडकर यांच्या अध्यक्षतेखालीं कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली. रामचंद्र मोरे, अनंतराव चित्रे प्रभृतींनीं तिची सिद्धता केली होती. दुसऱ्या दिवशीं परिषदेंतील लोक शांतपणें रांगेनें तळ्यावर गेले आणि डॉक्टरांनीं व त्यांच्यामागून इतरांनीं तेथील पाणी प्राशन केलें. त्यानंतर मंडपांत व रस्त्यांत त्यांस मारहाण झाली, आणि तळें 'शुद्ध' करण्यासाठीं पंचगव्याच्या घागरी त्यांत ओतण्यांत आल्या.

ऑगस्टांत नगरपालिकेनें आपला ठराव मागें घेतला. डिसेंबरांत दुसऱ्या परिषदेसाठीं डॉ. आंबेडकर व प्रतिनिधि आगबोटीनें निघून खाडीवाटे दासगांवच्या धक्क्यावर उतरले आणि तेथून पायीं महाडास आले. ज्या खाडीनें बाजीराव निघून गेला होता त्याच खाडीनें हे लोक वर आले. तळ्यावर जाण्यास कोर्टाची मनाई होती. ती पाळण्यांत आली. परिषदेस जागा देण्यास हिंदूंपैकीं कोणी तयार होईना, तेव्हां एका मुसलमान गृहस्थानें दिली. २५ डिसेंबर रोजीं त्या मंडपांत मनुस्मृतीचें दहन झालें.

या प्रकरणाचा शेवट कोर्टांत झाला, आणि इतिहासाच्या अभ्यासकास तो भाग विशेष मननीय वाटेल. फिर्यादींचें म्हणणें असें कीं, अस्पृश्यांनीं या तळ्यास स्पर्श करूं नये हा अनादि कालापासूनचा वहिवाटीचा नियम आहे. म्हणजे त्यांनीं इतिहासाचाच आधार घेतला होता. महाडचें न्यायालय, ठाण्याचें न्यायालय असें करीत दहा वर्षें हा दावा चालला, आणि मार्च १९३७ मध्यें मुंबई हायकोर्टानें निकाल दिला कीं अशी अनादि वहिवाट शाबीत झालेली नाहीं. तळें नगरपालिकेचें आहे. 'पूर्वापार चालत आलें' हे शब्द आपल्या समाजांत फार स्वस्त झाले आहेत. पुराव्याची विचारणा होतांच ते किती पोकळ ठरतात, हें महाडच्या खटल्यानें दाखवून दिलें. शंभर वर्षांची रूढि लोकांस अनादि वाटते. आणि जवळच्या डोंगरावर सतराशें-अठराशें वर्षांपूर्वीं दान म्हणून खोदलेल्या पोढ्या त्यांच्या स्मरणांतूनहि गेलेल्या असतात. म्हणून आम्ही म्हणतों कीं गांवाचा इतिहास माहीत असणें हा केवळ विरंगुळा नव्हे.

त्यानंतरचें महाड आमच्या वाचकांस बहुतेक परिचित आहे. मोटारींचा रस्ता झाला, घाटांतून मालगाड्या धावूं लागल्या, आणि खाडींतील गलबतें हळूहळू दिसेनाशीं झालीं. १९९३ सालीं कोंकण रेल्वे रोह्याहून वीरपर्यंत आली. रासायनिक कारखान्यांची वसाहत उभी राहिली. महाशिवरात्रीच्या सुमारास ग्रामदैवत वीरेश्वराच्या छबिन्यास भोंवतालच्या गांवांच्या पालख्या आजहि येतात, आणि दर वर्षीं २० मार्चला चवदार तळ्यावर दूरदूरचे लोक जमतात.

पाण्यानें मात्र आपलें लक्ष या गांवावरून काढलेलें नाहीं. महाबळेश्वरावर पावसाळ्यांत पडणारें पाणी कांहीं तासांत खालीं येतें. त्याच वेळीं खाडींत भरती असली म्हणजे त्यास पुढें वाट मिळत नाहीं आणि तें पेठेंत शिरतें. पात्रांत सांचलेल्या गाळानें ही अडचण वाढली आहे. जुलै २००५ मध्यें महाड बुडालें, आणि दासगांव, जुई, कोंडिवते, रोहण या गांवांवर दरडी कोसळून पुष्कळ प्राणहानि झाली. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्रीं सावित्रीवरील १९२८ सालचा जुना पूल पुरांत वाहून गेला व त्याबरोबर एस. टी.च्या दोन गाड्याहि उतारूंसह गेल्या. २२ जुलै २०२१ रोजीं गांव पुन्हा पाण्याखालीं गेलें, आणि त्याच दिवशीं तालुक्यांतील तळिये गांवावर दरड येऊन ऐंशींहून अधिक माणसें गाडलीं गेलीं. गाळ उपसावा, धोक्याच्या उतारांवरील वस्त्या हलवाव्या, हे उपाय सर्वांस माहीत आहेत. पण दर पुरानंतर ते आठवतात आणि उन्हाळ्यांत विसरले जातात.

डोंगर व भरती यांच्या सांध्यावर बसलेल्या या गांवास पाण्यानें वैभव दिलें, कलह दिला आणि संकटहि दिलें. पहिलें आतां परत येण्यासारखें नाहीं. दुसऱ्याचा न्याय लागण्यास दहा वर्षें कोर्टांत झगडावें लागलें. तिसऱ्याचा बंदोबस्त अजून व्हावयाचा आहे, आणि तो करणें हें गलबतांच्या वैभवाविषयीं हळहळत बसण्यापेक्षां अधिक तांतडीचें काम आहे. तें काम हातीं घेणाऱ्यांनीं एकवार गांधारपाल्याचा डोंगर चढून वरून खोरें पाहावें, अशी आमची सूचना आहे. नदी, खाडी, घाट, तळें आणि पेठ यांचा परस्परसंबंध तेथून एका दृष्टिक्षेपांत कळतो.