दुप्पट दामाची कथा : जादा तासांच्या हक्काचा इतिहास

'ओव्हरटाइम' हा शब्द मराठीत आता इतका रुळला आहे की त्यासाठी वेगळा प्रतिशब्द कोणी शोधीत नाही. ठरलेल्या वेळेपेक्षा अधिक काम केले की अधिक पैसे मिळतात, एवढे सर्वांना ठाऊक असते. परंतु ते पैसे नेहमीच्या दराने न मिळता दुप्पट दराने का मिळावेत, हे फारसे कोणी विचारीत नाही. त्याचे उत्तर इतिहासात आहे. हा इतिहास मुंबईच्या गिरण्यांत सुरू होतो आणि त्यातील एक अलीकडचे, महत्त्वाचे प्रकरण आमच्या गुजरातेत घडले आहे. बडोद्याच्या वाचकांपुढे तो थोडक्यात मांडण्याचे आम्ही योजिले आहे.

हिंदुस्थानातील पहिला कारखाना कायदा 1881 सालचा. त्याने सात वर्षांखालील मुलांना कामावर घेण्यास बंदी केली आणि सात ते बारा वर्षांच्या मुलांसाठी नऊ तासांची मर्यादा घातली. प्रौढ कामगाराच्या तासांविषयी मात्र त्यात अक्षरही नव्हते. या कायद्यामागे लँकेशायरच्या गिरणीमालकांचा स्वार्थ आहे, असे मानून अनेक राष्ट्रीय विचारांच्या पत्रांनीही त्यास विरोध केला. तो संशय निराधार नव्हता. पण त्या वादात गिरणीत राबणाऱ्या माणसाचे म्हणणे कोणी ऐकत नव्हते.

ते म्हणणे प्रथम मांडले नारायण मेघाजी लोखंडे यांनी. सत्यशोधक समाजाचे कार्यकर्ते आणि 'दीनबंधु' पत्राचे संपादक असलेल्या लोखंड्यांनी सप्टेंबर 1884 मध्ये मुंबईत गिरणी कामगारांच्या सभा भरविल्या आणि सुमारे 5,500 कामगारांच्या सह्यांचे निवेदन तयार केले. आठवड्यातून एक दिवस सुटी, दुपारी अर्धा तास विश्रांती, सकाळी साडेसहापासून सूर्यास्तापर्यंतच काम, पगार पुढील महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत आणि कामावर जखमी झालेल्यास साहाय्य, अशा त्यातील मागण्या होत्या. रविवारची सुटी जून 1890 मध्ये मुंबईच्या गिरणीमालकांनी मान्य केली.

या मागण्यांत जादा तासांच्या पैशांचा उल्लेख नाही, हे लक्षात घेण्यासारखे आहे. याचे कारण उघड आहे. ज्याच्या दिवसाच्या कामाला मर्यादाच नाही, त्याच्या बाबतीत 'जादा' कशाला म्हणावयाचे? म्हणून पहिली मागणी मर्यादेची होती, आणि ती मर्यादा म्हणजे सूर्यास्त. विसाव्या शतकाच्या प्रारंभी गिरण्यांत विजेचे दिवे आले आणि तीही उरली नाही. तेजीच्या दिवसांत मुंबईच्या काही गिरण्या चौदा-पंधरा तास चालू लागल्या. जे काम पूर्वी सूर्य करीत होता ते आता कायद्याला करणे भाग पडले. 1911 च्या कायद्याने कापड गिरण्यांतील प्रौढ पुरुषांसाठी प्रथमच बारा तासांची मर्यादा घातली.

पुढचा टप्पा 1919 चा. त्या वर्षी वॉशिंग्टन येथे आंतरराष्ट्रीय कामगार परिषदेचे पहिले अधिवेशन भरले. हिंदी कामगारांचे प्रतिनिधी म्हणून ना. म. जोशी तेथे उपस्थित होते. आठ तासांचा दिवस आणि अठ्ठेचाळीस तासांचा आठवडा हे तत्त्व तेथे संमत झाले. हिंदुस्थानसाठी मात्र साठ तासांचा आठवडा ठरला. जादा तासांसाठी निदान सव्वापट दर द्यावा, हेही त्याच ठरावात आले. त्यास अनुसरून 1922 च्या कायद्यात साठ तासांच्या आठवड्याबरोबर सव्वापट दराची तरतूद झाली.

1934 च्या कायद्याने बारमाही कारखान्यांचा आठवडा चौपन्न तासांवर आणला. डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते सांभाळीत असताना 1946 साली तो अठ्ठेचाळीस तासांवर आला. जादा कामाच्या दराचा प्रश्नही त्याच विधेयकात होता. स्वातंत्र्यानंतर 1948 चा कारखाना अधिनियम झाला. दिवसाला नऊ किंवा आठवड्याला अठ्ठेचाळीस तासांहून अधिक काम केल्यास त्याचे वेतन सामान्य दराच्या दुप्पट, असे त्याच्या कलम 59 ने सांगितले. ब्रिटिश हिंदुस्थानचे कायदे संस्थानांना आपोआप लागू होत नसत. संस्थाने विलीन झाल्यावर मात्र बडोद्याच्या कामगारालाही मुंबईच्या कामगाराचेच संरक्षण मिळाले.

दुप्पट दर हे बक्षीस नव्हे. तो मालकाला पडणारा लगाम आहे. एक साधा हिशेब पाहू. ज्याचा तासाचा सामान्य दर 75 रुपये आहे, त्याने 50 तास जादा काम केले तर एकेरी दराने 3,750 आणि दुप्पट दराने 7,500 रुपये होतात. एकेरी दर असेल तर नवा माणूस ठेवण्यापेक्षा जुन्यालाच राबविणे सोयीचे ठरते. दुप्पट दर असला म्हणजे मालकाला दुसरा माणूस नेमण्याचा विचार करावा लागतो. शिवाय हा दर केवळ मूळ पगारावर काढावयाचा नसून भत्तेही त्यात धरावयाचे, बोनस मात्र वगळावयाचा, असे 1948 च्या कायद्यात स्पष्ट होते.

हा लगाम सैल करण्याचा प्रयत्न 2020 साली आमच्याच राज्यात झाला. करोनाच्या साथीत, 17 एप्रिल 2020 च्या अधिसूचनेने गुजरात सरकारने कारखान्यांना बारा तासांचा दिवस आणि बहात्तर तासांचा आठवडा करण्याची मुभा दिली. जादा तासांचे वेतन दुप्पट नव्हे, नेहमीच्याच दराने द्यावयाचे होते. आधार घेतला होता तो 'सार्वजनिक आणीबाणी'च्या कलमाचा. गुजरात मजदूर सभा सर्वोच्च न्यायालयात गेली. 1 ऑक्टोबर 2020 रोजी न्या. धनंजय चंद्रचूड यांच्या अध्यक्षतेखालील पीठाने अधिसूचना रद्द केली. युद्ध, परकीय आक्रमण किंवा अंतर्गत अशांतता यांनी देशाच्या सुरक्षिततेस धोका निर्माण झाला तरच ते कलम वापरता येते. साथीचा आणि मंदीचा भार एकट्या कामगाराच्या खांद्यावर टाकता येत नाही, असा निकालाचा आशय होता. त्या काळात जादा काम केलेल्यांना कायदेशीर दराने पैसे द्यावेत, असाही आदेश झाला.

21 नोव्हेंबर 2025 पासून देशात नव्या श्रमसंहिता लागू झाल्या आणि 1948 च्या अधिनियमाची जागा त्यांनी घेतली. दुप्पट दर त्यांत कायम आहे. जादा कामासाठी कामगाराची संमती हवी, असेही म्हटले आहे. मात्र व्यवस्थापकीय काम करणारे, तसेच दरमहा 18,000 रुपयांहून अधिक वेतनाचे पर्यवेक्षक, व्यावसायिक सुरक्षा संहितेतील 'कामगार' या व्याख्येबाहेर आहेत. नावापुरते पर्यवेक्षकाचे पद देऊन तासांचा हिशेब बंद करण्याची वाट येथूनच निघते, म्हणून नेमणूकपत्रातील हुद्द्याइतकेच प्रत्यक्ष कामाचे स्वरूपही पाहावे लागते.

आपल्या जुन्या कुटुंबांतील पूर्वीची पिढी बहुधा सरकारी नोकरीत वा शिक्षकीत राहिली. आजचे तरुण मकरपुरा, वाघोडिया येथील कारखान्यांत जातात. काहींचे स्वतःचे लहान कारखानेही आहेत. दोघांनाही हा इतिहास माहीत असावा. नोकरी करणाऱ्याने आपल्या येण्याजाण्याच्या वेळा स्वतःजवळ टिपून ठेवाव्यात आणि पगारपत्रकाशी ताडून पाहाव्यात, कारण मागणी करण्याची वेळ आली तर पहिला प्रश्न नोंदीचाच येतो. कारखाना चालविणाऱ्याने हजेरीपट खरा ठेवावा. सूर्यास्ताला घरी जाऊ द्या, एवढेच मागणाऱ्या 5,500 माणसांच्या सह्यांपासून हा हक्क येथवर आला आहे, आणि दिवसाचे किती तास माणसाने स्वतःच्या घरासाठी राखावेत हा त्यांचा प्रश्न आजही तितकाच खरा आहे.