तलाठ्याची जागा आणि दहा लाख अर्ज

शहापूर व मुरबाड हे ठाणें जिल्ह्याचे सह्याद्रीच्या पायथ्याशीं टेकलेले दोन तालुके. येथील शेतकऱ्यास सरकार प्रथम भेटतें तें तलाठ्याच्या रूपानें. सातबाराचा उतारा, वारसाची नोंद, अवकाळी पावसानंतरचा पंचनामा, हीं सारीं कामें त्याच्याच हातचीं. २०२४ सालीं त्याचें नांव ग्राम महसूल अधिकारी झालें, तरी लोकांच्या तोंडीं तो तलाठीच आहे. तेव्हां हा मनुष्य निवडला जातो कसा, हा प्रश्न क्षुल्लक नव्हे.

पूर्वीं मुंबई इलाख्यांतील पुष्कळ गांवांत निवडीचा प्रश्नच नव्हता. कुळकर्ण वतनी असे व बापाचें दप्तर मुलाकडे जाई. १९५० च्या कायद्यानें हीं वतनें १ मे १९५१ पासून नष्ट झालीं. जन्मानें मिळणारी जागा अर्जानें मिळूं लागली, ही क्रांति लहान नव्हे. परंतु अर्जाबरोबर अर्जदारांची गर्दी आली, आणि ती आवरण्याचें साधन शोधणें भाग पडलें.

पहिलें साधन सेवायोजन कार्यालयांचें. युद्धावरून परतणाऱ्या सैनिकांसाठीं तीं १९४५ सालीं निघालीं. १९५९ च्या कायद्यानें रिकाम्या जागांची वर्दी त्यांस देणें सक्तीचें झालें. नांव नोंदवावें आणि बोलावण्याची वाट पाहावी, असा क्रम होता. गर्दी आवरली, पण यादींत नांव नसलेला लायक मुलगा बाहेर राहिला. १९९६ सालीं सर्वोच्च न्यायालयानें हा दोष ओळखला. यादीबरोबरच वर्तमानपत्रांत जाहिरात द्यावी व अर्ज करणाऱ्या सर्वांचा विचार व्हावा, असा निर्णय झाला. दार उघडलें, तें न्याय्यच झालें.

उघड्या दारापुढें किती लोक उभे राहतात, हें २०२३ सालीं दिसलें. तलाठ्यांच्या ४,६४४ जागांची जाहिरात निघाली आणि दहा लाखांहून अधिक अर्ज आले. एका जागेस दोनशेंहून अधिक उमेदवार! एवढ्यांस एकाच वेळीं संगणकापुढें बसविणें अशक्य, म्हणून १७ ऑगस्टपासून १४ सप्टेंबरपर्यंत ५७ सत्रांत परीक्षा झाली. सत्र निराळें म्हणजे प्रश्नपत्रिकाही निराळी; कोणाची सोपी, कोणाची कठीण. तेव्हां गणितानें सर्वांचे गुण एका पातळीस आणले, आणि जानेवारी २०२४ मध्यें २०० पैकीं २१४ गुण मिळविलेला उमेदवार लोकांनीं पाहिला. गणितांत चूक नसेलही. परंतु जो न्याय सामान्य माणसास समजत नाहीं, तो त्यास न्याय वाटत नाहीं.

आतां या दोन तालुक्यांकडे परत वळूं. १९८५ च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार सबंध शहापूर तालुका व मुरबाडचीं ७७ गांवें अनुसूचित क्षेत्रांत मोडतात. ठाकूर, कातकरी, महादेव कोळी व वारली यांची ही भूमि. येथला तलाठी येथलाच असावा, या हेतूनें ९ जून २०१४ रोजीं राज्यपालांनीं अधिसूचना काढून अशा क्षेत्रांतील कांहीं पदें स्थानिक आदिवासींसाठीं राखून ठेविलीं. पुढें २०२० सालीं आंध्रांतील शिक्षकांच्या खटल्यांत शंभर टक्के राखीव जागा घटनाबाह्य ठरल्या, आणि महाराष्ट्रांतील व्यवस्थाही वादांत सांपडली. अनुसूचित क्षेत्रें असलेल्या १३ जिल्ह्यांचे निकाल प्रथम थांबले; ठाणें जिल्हा त्यांतलाच. ऑक्टोबर २०२४ मध्यें विधानसभेचे उपाध्यक्ष नरहरि झिरवाळ यांनीं मंत्रालयांतील संरक्षक जाळीवर उडी घेतली, त्यामागें ही रखडलेली भरतीही होती. एकीकडे दाराशीं दहा लाख लोक उभे, आणि दुसरीकडे डोंगरांतील जागा रिकामी!

वतनापासून संगणकापर्यंतचीं हीं साधनें पाहतां आम्हांस एवढेंच वाटतें कीं, गर्दीचा पुष्कळसा भाग आपणच निर्माण केला आहे. २०१९ च्या भरतीनंतर पुढची मोठी भरती एकदम २०२३ सालीं झाली. भातसा धरणाखालच्या लोकांस हें सांगावयास नको: पाणी वर्षानुवर्षें तुंबवून एकदम सोडलें, तर पुराचा दोष पावसास देतां येत नाहीं. दरवर्षीं, जिल्ह्याजिल्ह्यानें, रिकाम्या होतील तेवढ्याच जागा भराव्या. मग परीक्षा एका सत्रांत होईल, गुणांस गणिताचा टेकू लागणार नाहीं, आणि उतारा हवा असलेल्या कातकऱ्यास तलाठ्याच्या कार्यालयाचें दार उघडें मिळेल.