दोन सालींचा पाव

अमेरिकेत 'स्वीडिश राय ब्रेड' म्हटले की एकच पाव समोर येतो. तपकिरी, मऊ, किंचित गोड, संत्र्याच्या सालीचा आणि बडीशेपेचा वास असलेला. इथे त्याला 'लिंपा' म्हणतात. गंमत अशी की स्वीडिश भाषेत लिंपा म्हणजे नुसता भरीव पाव, कुठलाही! गोड, मसालेदार पावाचा मान तिकडे नाताळचा. त्यासाठीचा खास 'व्होर्तब्रॉड' तर बिअर करताना निघणाऱ्या माल्टच्या गोड अर्कात मळतात.

मग वर्षभर स्वीडिश शेतकरी काय खात होता? उत्तरेच्या थंडीत पीक सातूचे, म्हणून तिथे सातूची पातळ, पोळीसारखी भाकरी. दक्षिणेत रायचे आंबूस मऊ पाव. आणि मधल्या भागात 'क्नेकेब्रॉड', म्हणजे रायची कडक, गोल चकती, मध्ये भोक. ही वर्षातून दोनदाच भाजत. कारण साधे होते. पाणचक्की हिवाळ्यात गोठायची आणि उन्हाळ्यात ओढ्याला पाणी कमी. त्यामुळे दळण एकदा सुगीनंतर आणि एकदा बर्फ वितळल्यावर. चकत्या काठीत ओवून छताखाली टांगायच्या, की महिनोन्महिने बघायला नको. आपल्या पापड-सांडग्यांसारखीच ही बेगमी. गहू मात्र चैनीचा. अजूनही स्वीडिशमध्ये 'गव्हाचा पाव' म्हटले की वेलदोडा घातलेला गोड पावच समजतात.

ही बेगमी संपली की काय होते ते १८६७ साली दिसले. त्या वर्षी वसंत फार उशिरा आला आणि उत्तरेत पिके बुडाली. पुढच्या वर्षी, १८६८ मध्ये, दुष्काळ. लोकांनी पाईनच्या झाडाची आतली साल वाळवून, दळून पिठात मिसळली आणि तिचा पाव खाल्ला. त्यानंतर अमेरिकेकडे जाणाऱ्यांचा लोंढा वाढला. १८५० ते १९३० या काळात १२ लाखांहून अधिक माणसे स्वीडन सोडून गेली. मिनेसोटा आणि इलिनॉयमध्ये त्यांची मोठी वस्ती झाली.

इथे मैदा मुबलक, मोलॅसिस स्वस्त. (मोलॅसिस म्हणजे आपल्या काकवीची काळी, कडसर चुलत बहीण.) सणाच्या पावाला आता नाताळची वाट बघायची गरज उरली नाही. तोच 'स्वीडिश पाव' म्हणून पुढच्या पिढ्यांना मिळाला.

घरी करून बघायचा असेल तर एक गोष्ट ध्यानात ठेवावी. रायच्या पिठाला गव्हासारखी तार येत नाही, नुसता चिकटा होतो. म्हणून जुनी युक्ती अशी की रायच्या पिठावर उकळते पाणी ओतून ते रात्रभर झाकून ठेवायचे. पीठ फुलते, त्याला अंगचा गोडवा येतो आणि पाव बरेच दिवस मऊ राहतो. तांदळाच्या भाकरीसाठी उकड काढणाऱ्यांना हे वेगळे सांगायला नको! सकाळी त्यात यीस्ट, मोलॅसिस, लोणी, मीठ, कुटलेली बडीशेप, संत्र्याची किसलेली साल आणि रायच्या दीडपट मैदा घालून मळायचे. दुप्पट फुगल्यावर गोळे करायचे, ते पुन्हा फुगू द्यायचे आणि १९० अंश सेल्सियसला साधारण ४० मिनिटे भाजायचे. खालून टिचकी मारल्यावर पोकळ आवाज आला की झाला. कापायची घाई नको, दुसऱ्या दिवशी चव जास्त खुलते.

एका पावात संत्र्याची साल, दुसऱ्यात पाईनची. बोटीतून आलेल्या माणसांना दोन्ही माहीत होते, पण रेसिपी उतरली ती पहिल्याची. यात नवल काही नाही. आपणही परदेशात पुरणपोळी हौसेने करतो, पण १९७२ च्या दुष्काळातली सुकडी कोण करतो? तरीही ज्यांच्या घरी ती खाल्ली गेली, त्यांच्या मुलांना तिचे नाव तरी माहीत असावे, असे मला वाटते. पोळी सगळेच करतात, सुकडीची गोष्ट सांगणारे मात्र कमी होत चालले आहेत.